अस्सल कागद आणि चर्चा पान

मंडपेश्वरची लेणी बोरिवलीत धरायची की दहिसरमध्ये, यावर आमच्या भागात अजून एकमत नाही. आय. सी. कॉलनीतली मंडळी ती बोरिवलीची मानतात. दहिसर पश्चिमेला राहणारे आम्ही पाहुण्यांना सरळ ‘आमची लेणी’ दाखवायला नेतो. एप्रिल २०२२मध्ये मेट्रो २-अचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मंडपेश्वरला स्वतःचे स्थानक मिळाले. अलीकडचे कांदरपाडा दहिसरचे, पलीकडचे एक्सर बोरिवलीचे. मधले कुणाचे, ते ज्याने त्याने ठरवावे. रोजच्या जगण्यात याने कुणाचे काही अडत नाही. पण विकिपीडियावर या लेण्यांची माहिती लिहायला जो बसतो, त्याचे पहिल्याच वाक्याला अडते.

एक साधे वाक्य घेऊ : ‘मंडपेश्वर हे बोरिवली येथील सहाव्या शतकातील शैव लेणे आहे.’ जागेचा वाद वर सांगितलाच. ‘सहाव्या शतकातील’ म्हटले की दुसरा संपादक विचारणार, कशावरून? काही अभ्यासक हे काम जोगेश्वरीच्या लेण्याच्या काळाजवळ, म्हणजे सहाव्या शतकात नेतात, तर काही आठव्या शतकापर्यंत खाली आणतात. ‘शैव’ हा शब्दही एकट्याने पुरेसा पडत नाही. आत गर्भगृह आहे, खांब आहेत, नटराजाचा शिल्पपट आहे. आणि एका शिल्पपटाची मूळ आकृती छिलून त्या जागी भला मोठा क्रूस कोरलेला आहे. तो जवळून पाहावा. छिन्नीने आधीची आकृती पुसताना दगड कसा खाली गेला आहे, हे बोटाने चाचपता येते. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पंथाच्या आंतोनियो दो पोर्तो या पाद्र्याच्या काळात इथे चर्च झाले आणि वर मठ उभा राहिला. त्या मठाच्या पडक्या भिंती लेण्यांच्या माथ्यावर आजही उभ्या आहेत. वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९च्या दरम्यान, साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली आणि इथले पोर्तुगीज पर्व संपले. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे ही जागा ख्रिस्ती उपासनेची होती. ते पहिल्या वाक्यात यावे की तिसऱ्या परिच्छेदात? ‘पोर्तुगीजांनी लेण्याचे चर्च केले’ असे लिहायचे, की ‘पोर्तुगीजांनी लेणे बळकावले’ असे? एकेका क्रियापदासाठी दोन भली माणसे रात्री जागून एकमेकांना उत्तरे लिहितात, ती इथे.

हे वाद क्षुल्लक आहेत असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. मला तसे वाटत नाही. आपल्या परिसराबद्दल, आपल्या थोर माणसांबद्दल, आपल्या भाषेबद्दल आज कुणालाही काही जाणून घ्यायचे असले की बोट पहिल्यांदा मोबाइलवर जाते आणि समोर बहुतेक वेळा विकिपीडियाचे पान येते. त्या पानावरचे वाक्य कोणी, कशाच्या आधाराने आणि कुणाशी भांडून लिहिले, हा प्रश्न मला शाळेतल्या पाठ्यपुस्तकाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ची, महाराष्ट्र दिनाची. आज त्यावर लाखाच्या घरात लेख आहेत. त्यांतले पुष्कळ दोन-तीन ओळींचे आहेत : गावाचे नाव, तालुका, जिल्हा आणि एक रिकामा मथळा. लिहिणारे सगळे बिनपगारी. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी निवृत्त. त्यांनी आपली घडी मात्र छान मराठीत बसवली आहे. सगळ्यांनी मिळून बोलायची जागा म्हणजे चावडी, सराव करायची जागा म्हणजे धूळपाटी, ठरावीक कामे आपोआप उरकणारी आज्ञावली म्हणजे सांगकाम्या, आणि पाने वगळण्याचे किंवा कुणाला रोखण्याचे अधिकार असलेला सदस्य म्हणजे प्रचालक. प्रत्येक लेखाला जोडून एक ‘चर्चा’ पान असते आणि एक ‘इतिहास’. कुणी कोणत्या मिनिटाला कोणता काना-मात्रा बदलला, हे त्या इतिहासात कायम राहते. माझ्या मते विकिपीडियाचा खरा ठेवा लेखात जितका आहे तितकाच या दोन पानांत आहे.

मजकुराचे नियम मोजके आहेत. दृष्टिकोन तटस्थ हवा, विधान पडताळता यायला हवे आणि स्वतःचे मूळ संशोधन इथे मांडायचे नाही. हे नियम का लागले, ते आपल्याच कोशपरंपरेकडे पाहिले की कळते. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंडांत निघाला. त्यामागे केतकरांचे नाव, त्यांची विद्वत्ता आणि त्यांची ठाम मतेही होती. वाईच्या मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी हाती घेतले तेव्हा आधी शब्दांची सोय केली. परिभाषेचा संग्रह १९७३ला आणि पहिला खंड १९७६ला आला. विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते. त्या विषयातल्या जाणकाराने लिहिले, संपादकांनी तपासले, म्हणून आपण विश्वास ठेवतो. विकिपीडियावर लिहिणारा कोण हे ठाऊक नसते. तो प्राध्यापक असेल किंवा नववीतला मुलगा असेल. तिथे जाणकाराच्या सहीचे काम तळटीपेला करावे लागते. म्हणून वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण कुणी लावली की तो लिहिणाऱ्याचा अपमान नसतो. ज्याचे नाव वाचकाला माहीत नाही, त्याच्या शब्दाला आधार मागितलेला असतो.

आता शैलीचे वाद. इंग्रजी विकिपीडियावर ‘योगर्ट’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एच असावा की नसावा, यावर सुमारे आठ वर्षे खल चालला आणि २०११ साली एकदाचा निकाल लागला. मराठीतले वाद याहून गुंतागुंतीचे आहेत, कारण त्यांतले काही डोळ्यांना दिसतही नाहीत. ‘ॲरिस्टॉटल’मधला पहिला स्वर घ्या. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले २००८ साली. तोवर लोक ‘अ’ टंकून त्यावर चंद्राची खूण देत आणि ‘अॅ’ करत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी अक्षरे. त्यामुळे एकाच माणसावर दोन लेख होऊ शकतात, आणि एका पद्धतीने शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले नाव सापडत नाही. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतल्या आडव्या रफाराचेही तसेच, तोही दोन मार्गांनी टंकता येतो. असली हजारो पाने एकेक करून सरळ करणारी माणसे मराठी विकिपीडियावर आहेत. त्यांची नावे कुठल्याही पुरस्काराच्या यादीत येत नाहीत.

शुद्धलेखनाला निदान नियमांचा आधार आहे. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ला राज्य शासनाने स्वीकारले, १९७२ला आणखी चार आले. पुढे २००९ साली देवनागरीच्या अक्षररूपांबद्दल शासन निर्णयही निघाला. पण आदरार्थी बहुवचनासाठी असा कुठला नियम आहे? मराठीत क्रिकेटपटू ‘तो’ असतो, मुख्यमंत्री ‘ते’ असतात, संत कधी ‘तो’ तर कधी ‘ते’. क्रिकेटपटू खासदार झाला की लेखाच्या कितव्या परिच्छेदापासून ‘तो’चे ‘ते’ करायचे? नावाआधी ‘लोकनेते’, ‘महामानव’, ‘कैलासवासी’, ‘माननीय’ लावायचे की नाही? विश्वकोशात नोंद ‘टिळक, बाळ गंगाधर’ अशी सापडते आणि त्यात लोकमान्यांचा अनादर झाला असे कुणी मानत नाही. विकिपीडियावर उपाधी काढली की मात्र काढणाऱ्याची जात आणि पक्ष विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे : मराठी वाक्यात सहज येणारा आदर राखावा, बिरुदे काढावीत. ‘शिवाजी महाराज’ हे मराठी माणसाच्या तोंडचे नावच आहे, ते बिरुद नव्हे. ‘धडाडीचे नेतृत्व’ ही मात्र वाढदिवसाच्या फलकावरची भाषा आहे, ती कोशात नको.

शैलीचे वाद शेवटी मिटतात, संदर्भांचे मिटत नाहीत. ते न मिटण्याचे एक कारण मराठी इतिहासलेखनाच्या परंपरेतच आहे, आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही.

इतिहास म्हणजे अस्सल कागद, हे आपल्याला वि. का. राजवाड्यांनी शिकवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८चा. गावोगाव पायपीट करून, दप्तरे धुंडाळून त्यांनी बावीस खंड उभे केले. ७ जुलै १९१०ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही याच ध्यासातून. बखर सांगते म्हणून मानायचे नाही, समकालीन पत्र दाखवा, ही शिस्त मराठी अभ्यासकांच्या अंगात मुरली. शिवजन्माच्या तिथीचा वाद याच शिस्तीने पुढे गेला. शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया रूढ होती. टिळकांनी १९१६ला जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि शके १५५१च्या फाल्गुन वद्य तृतीयेला बळ मिळाले. १९६६ साली राज्य शासनाने इतिहासकारांची समिती नेमली; शेवटी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारी मान्यतेला पोहोचायला २००१ साल उजाडले. एका तारखेसाठी पंचाऐंशी वर्षे. आणि इतका काळ गेला याचा मला अभिमान वाटतो, कारण प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी कागद पुढे केला होता.

आता या परंपरेत वाढलेला माणूस विकिपीडियावर येतो. त्याच्याकडे मोडी सनदेचे छायाचित्र असते, देवळातल्या शिलालेखाचे वाचन असते, घराण्याची कैफियत असते. तो ती जोडतो आणि कुणीतरी ती काढून टाकतो. कारण तिथला नियम नेमका उलट दिशेने चालतो. मूळ कागद वाचून तुम्ही काढलेला अर्थ म्हणजे मूळ संशोधन. तो अर्थ एखाद्या इतिहासकाराने आधी पुस्तकात किंवा नियतकालिकात मांडलेला असेल तरच चालेल. राजवाड्यांच्या लेखी जो पुरावा सर्वांत वरचा, तो इथे एकट्याने टिकत नाही. चिडलेल्या संपादकाला हा मराठीवरचा अन्याय वाटतो. मला त्याचा राग समजतो, तरीही नियमाच्या बाजूनेच उभे राहावेसे वाटते. राजवाड्यांनी कागद छापला, त्यावर प्रस्तावना लिहिली आणि इतरांना तो खोडायची संधी दिली. विकिपीडिया ती पहिली पायरी आपल्या आवारात घेऊ शकत नाही, कारण मोडी वाचून खरेखोटे करणारा माणूस तिथे प्रत्येक वेळी हजर असेलच असे नाही. ती पायरी मंडळात, विद्यापीठात, संशोधन-पत्रिकेत व्हायला हवी. तिथे काम मंदावले की त्याचा ताण चर्चा पानावर येतो.

फेब्रुवारी २०२५मध्ये हा ताण रस्त्यावर आला. ‘छावा’ चित्रपट १४ तारखेला लागला, लोकांनी छत्रपती संभाजी महाराजांबद्दल शोधायला सुरुवात केली आणि इंग्रजी विकिपीडियावरच्या लेखातल्या मजकुरावर संतापाची लाट उसळली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सायबर पोलिसांना लक्ष घालायला सांगितले. महाराष्ट्र सायबरने मजकूर काढण्याची नोटीस पाठवली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. शंभूराजांबद्दल लोकांच्या मनात असलेली ओढ खरी आहे. पण त्यांची प्रतिमा मुळात उजळली कशी, ते आठवावे. मल्हार रामराव चिटणिसाची बखर राजांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. तिने आणि तिच्यावर पोसलेल्या नाटकांनी राजांना व्यसनी, उतावीळ ठरवले. ते चित्र बदलले वा. सी. बेंद्रे यांनी. देशोदेशीचे दप्तर धुंडाळून त्यांनी १९६०ला संभाजीराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिले. बेंद्रे आणि गोखले यांनी कुणावर गुन्हा दाखल केला नाही, त्यांनी संदर्भ दिले. आज इंग्रजी लेखात कुठे एकतर्फी मजकूर असेल तर त्यावरचा उपाय याच दोन पुस्तकांत आहे, पानाच्या क्रमांकासह. तो चर्चा पानावर मांडायला मराठी वाचणारी, इंग्रजी लिहिणारी आणि चिकाटीने उत्तरे देणारी माणसे हवीत. गुन्हा नोंदवला की अशी माणसे पुढे येण्याऐवजी मागे सरतात. शंभूराजांवरचा लेख मग ज्यांना मराठी साधने ठाऊक नाहीत, त्यांच्याच हाती राहतो.

त्याच सुमारास दिल्लीत एएनआय या वृत्तसंस्थेने विकिमीडिया फाउंडेशनवर केलेला बदनामीचा दावा गाजत होता. त्या खटल्याबद्दलचे विकिपीडियावरचे पानच उच्च न्यायालयाच्या आदेशाने उतरवावे लागले होते. ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. खटल्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण घरी बसून फुकट काम करणाऱ्या संपादकाच्या मनात या दोन घटनांनी जी धास्ती बसली, ती सहज जाणारी नाही.

आता पुन्हा दहिसरकडे. छत्रपतींबद्दल निदान पुस्तकांची उणीव नाही, उपनगराबद्दल आहे. बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत आली १९५७ला. त्याआधीचे दहिसर शोधायचे तर ठाणे जिल्ह्याच्या कागदांत जावे लागते, हे नव्याने लिहिणाऱ्याला सुचतच नाही. मंडपेश्वरबद्दल सहज हाती लागणारा जुना छापील आधार म्हणजे कॅम्पबेलचे १८८२चे ठाणे गॅझेटियर. इंग्रजी विकिपीडियावरचे अनुभवी संपादक, विशेषतः जातींबद्दलच्या लेखांत, ब्रिटिश अमदानीतली अशी साधने बाद धरतात आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे. साहेबाने कारकुनाकडून गोळा केलेली जातीची वर्णने आज सत्य म्हणून छापता येत नाहीत. पण लेण्यांच्या मोजमापासाठी, जत्रेच्या दिवसासाठी, ओढ्याच्या नावासाठी तेच गॅझेटियर कित्येकदा एकमेव असते. सरसकट बाद म्हटले की आमच्या गावठाणाच्या वाट्याला कोरे पान येते. शेजारच्या एक्सरच्या वीरगळांचे पाहा. आरमारी लढाई कोरलेले ते दगड जुन्या अभ्यासकांनी अकराव्या शतकातल्या भोजाशी जोडले, नंतरच्या अनेकांनी तेराव्या शतकात शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यात झालेल्या झुंजीशी. लेखात दोन्ही मते यावीत, कोणते कुणाचे आणि कधीचे ते सांगून. जुने मत गाळले तर ते का मागे पडले हे वाचकाला कळणार नाही.

नदीचे काय? दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातल्या तुळशी तलावाकडून निघते आणि सुमारे १२ किलोमीटर वाहत मनोरीच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५च्या पुराबद्दल माधवराव चितळे समितीचा अहवाल आहे, वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत. तो भाग लिहिता येतो. पण त्याआधी या पाण्यात कोण मासे धरी, कोणत्या डोहात पोहायला जात, केतकीपाडा, घरटनपाडा, रावळपाडा या पाड्यांवर कोणकोणती कुटुंबे होती, उद्यानातल्या वारली वस्त्यांची दैवते कुठे होती, हे कुठल्याही छापील पानावर सहज मिळत नाही. ते म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. आणि ‘आजी सांगते’ हा संदर्भ विकिपीडियाला चालत नाही.

हा पेच फक्त आपला नाही. २०११ साली अचल प्रभाला यांच्या पुढाकाराने भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग झाला. मल्याळम, हिंदी आणि उत्तर सोथो या भाषांतल्या संपादकांनी खेळांबद्दल, दैवतांबद्दल, घरी बनणाऱ्या पेयांबद्दल जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि त्याच संदर्भ म्हणून जोडल्या. विकिपीडियाच्या समुदायात यावर जोरदार मतभेद झाले. मुलाखतीतले खरे कसे तपासणार, ही शंका रास्त होती. छापील तेवढेच ज्ञान का, हा प्रश्नही तितकाच रास्त होता. नियम काही बदलला नाही.

छापील शब्दावर विसंबण्याचाही धोका आहेच. फेब्रुवारी २००९मध्ये जर्मनीचे नवे मंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या लांबलचक नावांत कुणीतरी विकिपीडियावर एक खोटे नाव घुसडले. वृत्तपत्रांनी ते उचलले आणि मग त्याच वृत्तपत्रांचा संदर्भ देऊन ते नाव विकिपीडियावर पक्के झाले. आपल्याकडच्या स्थानिक पुरवण्यांत लेण्यांवर आणि देवळांवर येणारे लेख मोबाइलवरून उतरवलेले असतात, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येते. अशा लेखाचा संदर्भ जोडला की ‘संदर्भ हवा’ ही खूण निघून जाते, पण आधार काही मिळत नाही.

केतकरांचा ज्ञानकोश आता प्रताधिकारमुक्त आहे. ते १९३७ला गेले, तेव्हाच्या कायद्याने पन्नास वर्षांचे संरक्षण १९८७ अखेर संपले. तो मजकूर मुक्तपणे घेता येतो, फक्त शंभर वर्षांपूर्वीचा आहे याचे भान ठेवावे लागते. विश्वकोशातला मजकूर वाचून, आधार देऊन आपल्या शब्दांत लिहायचा असतो. जसाच्या तसा चिकटवला की तो वगळावा लागतो, आणि इथेही कडवट भांडणे होतात.

मग दहिसरच्या आजीचे काय करायचे? तिचे बोलणे आधी छापायचे. गणेशोत्सव मंडळे, शाळांचे सुवर्णमहोत्सव, गावठाणातल्या संस्था दरवर्षी स्मरणिका काढतात. त्यांत आज जाहिराती आणि शुभेच्छा भरलेल्या असतात. त्यातली दहा पाने एखाद्या पाड्याच्या आठवणींना द्यावीत. सांगणाऱ्याचे नाव, वय, मुलाखतीची तारीख लिहावी, दोन घरांत वेगळे सांगितले गेले तर दोन्ही छापावे, आणि तपासणारा जाणता माणूस नेमून त्याचे नाव संपादक म्हणून घालावे. एखाद्या चोखंदळ संपादकाला अशी स्मरणिकाही अपुरी वाटेल आणि चर्चा पानावर तो तसे म्हणेल; म्हणून त्यातले निवडक साहित्य पुस्तकरूपाने काढणे अधिक बरे. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवायची असते. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय त्यांतले एक, आणि मुंबईत टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय दुसरे. दहिसरहून चर्चगेटची गाडी पकडली की ते तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. तिथे प्रत पोहोचली, तिला दाखल क्रमांक मिळाला, की कांदरपाड्यावरच्या वाक्यापुढे तळटीप देता येते : पुस्तकाचे नाव, वर्ष, पान.